शंभर मीटरचं बंडल : प्रकाशाच्या वेगाच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर

भाचीचं विज्ञान प्रदर्शन डिसेंबरात आहे. नववीत आहे ती. वर्गात ज्वालामुखी, ठिबक सिंचन आणि पवनचक्की आधीच वाटून झाल्यामुळे हिनं रागाच्या भरात ‘प्रकाशाचा वेग मोजणे’ असं लिहून दिलं आणि सरांनी त्यावर सही केली. आता निस्तरायचं मामानं. मी इंटरनेटच्या लाइनवर काम करतो, फायबर जोडणं हा रोजचा धंदा. तेवढ्यावरून ‘मामाला प्रकाशाचं कळतंय’ असं ताईनं परस्पर ठरवून टाकलं.

नोंदी ठेवायच्याच, अशी सरांची अट आहे. तिची वही नीटनेटकी असेल. ही माझी कच्ची.

१४ ऑक्टोबर

सुरुवात गॅलिलिओपासून. त्याच्या १६३८ च्या पुस्तकात हा प्रयोग आहे: दोघांनी झाकलेले कंदील घ्यायचे, एकानं झाकण काढलं की ते दिसताक्षणी दुसऱ्यानं काढायचं. आधी जवळ उभं राहून सराव करायचा, मग लांब जायचं. एक मैलाच्या आतच करून बघितला आणि प्रकाश तत्क्षणी पोचतो की नाही हे ठरवता आलं नाही, एवढंच तो सांगतो.

आम्ही रंकाळ्यावर केला. कंदिलाच्या जागी बॅटरी, घड्याळाच्या जागी मोबाइल. आधी दहा पावलांवर उभे राहून वीस वेळा, मग ती दाजींबरोबर तलावाच्या पलीकडच्या काठावर गेली आणि पुन्हा वीस वेळा. जवळची सरासरी ०.५२ सेकंद, लांबची ०.५३. फिरायला आलेल्या एका काकांनी थांबून विचारलं, “ड्रोन हरवलाय काय?”

पलीकडचा काठ अर्धा किलोमीटर धरला, तर प्रकाशाला जाऊन-येऊन लागतात सुमारे ३.३ मायक्रोसेकंद. आमच्या बोटांना लागतात त्याच्या दीड लाख पट. म्हणजे आम्ही प्रकाश मोजलाच नाही, भाचीचं बोट मोजलं. तिला हे फार लागलं. “मी लई पटकन दाबत होतो की!” म्हणाली.

१७ ऑक्टोबर

आज उद्यमनगरात. हिला फिझोचं दातेरी चाक पाहिजे.

फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोनं १८४९ मध्ये पॅरिसजवळ सुरेनच्या घरातून मोंमार्त्रच्या टेकडीवर उजेड पाठवला. अंतर ८६३३ मीटर. मध्ये ७२० दात्यांचं चाक. दोन दात्यांमधल्या फटीतून उजेड निघतो, तिकडच्या आरशावरून परत येतो. चाक पुरेसं जोरात फिरत असेल, तर येईपर्यंत फटीच्या जागी दाता आलेला असतो आणि बघणाऱ्याला अंधार दिसतो. सेकंदाला १२.६ फेऱ्यांना पहिला अंधार झाला. त्यावरून त्यानं सेकंदाला सुमारे ३,१३,००० किलोमीटर काढले. बोटाच्या जागी दाता, एवढीच युक्ती. पण त्यामुळं माणूस मधून बाजूला झाला.

लेथवाले मेस्त्री ओळखीचे. त्यांनी भाचीचं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, “टेकडी कुठाय तुमची?”

टेकडी नाही. आमच्या गच्चीवरून दोनशे मीटरवर मित्राची गच्ची आहे. मेस्त्रींनी कागदावर हिशेब मांडायला लावला. जाऊन-येऊन ४०० मीटर, म्हणजे १.३३ मायक्रोसेकंद. तेवढ्यात फटीच्या जागी दाता यायला पाहिजे. ७२० दाते धरले, तर सेकंदाला सव्वापाचशे फेऱ्या, मिनिटाला एकतीस हजारांच्या वर.

“चार इंची ग्राइंडर अकरा हजारांवर फिरतो,” मेस्त्री म्हणाले. “त्याची डिस्क फुटली तर काय हुतंय बघितलंयस न्हवं? त्याच्या तिप्पट. बाळ, दाते मी पाडून देतो, पण ते चाक सुरू करताना मी इथं न्हाई थांबायचा.”

चहा पाजला आणि परत पाठवलं. भाची गाडीवर मागे बसून उरलेला रस्ता गप्प.

१९ ऑक्टोबर

कॉलेजातल्या मित्राकडून १०० मेगाहर्ट्‌झचा डिजिटल स्कोप महिनाभर मिळाला. विजेचा ठोका पडद्यावर दाखवून त्याची वेळ मोजणारं यंत्र. पहिला प्रयत्न: लेझर पॉइंटर, समोर आरसा, घरात पडलेला फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे उजेड पडला की वीज वाहू देणारा भाग. आरसा दोन मीटरवर ठेवला काय आणि अठरा मीटरवर ठेवला काय, उशीर तेवढाच, पाच मायक्रोसेकंदांच्या आसपास. फोटोट्रान्झिस्टर स्वतःच एवढा आळशी. पुन्हा बोटच मोजलं, फक्त सिलिकॉनचं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ओवाळून झाल्यावर फराळाच्या ताटावर रोमर या सतराव्या शतकातल्या खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली, कारण मला स्वतःला त्यात सर्वांत जास्त मजा वाटते. त्याला वेगानं फिरणारं काहीच लागलं नाही. त्यानं अंतरच एवढं घेतलं की उशीर मिनिटांत आला.

गुरूचा आयो हा चंद्र साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो आणि दर फेरीला गुरूच्या सावलीत बुडतो. आकाशातलं घड्याळच ते. पॅरिसच्या वेधशाळेत ओले रोमरच्या लक्षात आलं की पृथ्वी गुरूपासून लांब जात असते तेव्हा हे घड्याळ मागे पडत जातं आणि जवळ येताना पुढे. एका फेरीत पृथ्वी फार तर ४६ लाख किलोमीटर सरकते, म्हणजे फरक पडला तर पंधरा सेकंदांचा. तेवढा त्या काळी कळणं अवघड. पण तो वाण्याच्या उधारीसारखा साठत जातो आणि काही महिन्यांनी मिनिटांत दिसतो. १६७६ च्या सप्टेंबरात रोमरनं सांगून ठेवलं की ९ नोव्हेंबरला आयो सावलीतून बाहेर पडेल तो हिशेबापेक्षा दहा मिनिटं उशिरा. संध्याकाळी ५ वाजून ३५ मिनिटांनी तो दिसला. दहा मिनिटं उशिरा.

पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात, असा त्याचा अंदाज होता. खरी वेळ १७ मिनिटांच्या थोडी आत आहे. सेकंदाला किती अंतर, हे त्यानं काढलंच नाही. ते पुढे हायगेन्स या शास्त्रज्ञानं केलं आणि आजच्या मापात सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आले. मिनिटं चुकली होती, शिवाय सूर्य नक्की किती लांब हेही तेव्हा पक्कं माहीत नव्हतं.

भाचीला गुरू बघायचा होता. तो सध्या मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. करंज्या खाऊन साडेदहालाच झोपली.

२६ ऑक्टोबर

आता माझ्या धंद्यातली युक्ती. हवेत प्रकाश पाठवण्याआधी केबलमध्ये विजेचा ठोका पाठवून बघायचा. दोन्ही एकाच जातीच्या लहरी, फक्त केबलमध्ये मधलं प्लॅस्टिक त्यांना थोडं अडवतं.

आरजी-६ चं शंभर मीटरचं नवं बंडल आणलं. डिश टीव्हीला लावतात ती काळी केबल. ७४एचसी१४ या आयसीचा ऑसिलेटर, म्हणजे सतत ठोके काढणारं सर्किट, त्यातून ७५ ओहमच्या रेझिस्टरमधून बारीक ठोके. टी कनेक्टर लावून एक तोंड स्कोपला, एक बंडलाला. बंडलाचं दुसरं टोक मोकळं.

स्क्रीनवर ठोका दिसला आणि त्याच्या मागे थोडा बसका, कडा झिजलेला दुसरा. तोच टोकावर आपटून परत आलेला. भाचीनं मोकळ्या टोकाची तार आणि जाळी चिमट्यानं जोडली आणि दुसरा ठोका उलटा झाला. मग तिथं १०० ओहमचा प्रीसेट (स्क्रूनं कमी-जास्त होणारा रेझिस्टर) लावून स्क्रू हळूहळू फिरवायला सांगितलं. दुसरा ठोका लहान होत होत एका जागी पूर्ण गायब झाला, आणखी फिरवला तर उलटा होऊन उगवला. मीटरनं प्रीसेट मोजला: ७४ ओहम. तासभर ती तेवढंच करत बसली. मीही हटकलं नाही. वीस वर्षं केबलच्या टोकाला असाच रेझिस्टर, टर्मिनेटर, लावतोय, तो ठोका गिळतो हे असं कधी बघितलं नव्हतं.

मोजमाप: दोन ठोक्यांतलं अंतर ७३५ नॅनोसेकंद. दोनशे मीटर भागिले ७३५, म्हणजे सेकंदाला २,७२,००० किलोमीटर. प्रकाशाच्या ९१ टक्के. भाची खूश, ताईनं मिसळ सांगितली.

२७ ऑक्टोबर

रात्री झोप लागली नाही. ९१ टक्के फार होतात. या जातीच्या केबलला, आत फोम असतो तिला, ८२ ते ८५ टक्के पाहिजेत. माझ्या हातून कितीतरी केबल गेली, ९१ कधी ऐकलं नाही. स्कोप तपासला, बरोबर आहे. वेळ बरोबर असेल आणि वेग चुकत असेल, तर तिसरं काय उरतं?

भाचीला माझा संशय न सांगता विचारलं. तिनं क्षणभर बंडलाकडे बघितलं. “मामा, हे शंभर मीटर हाय कशावरून?”

कशावरून, तर दुकानदार म्हणाला म्हणून. चांगल्या केबलवर दर मीटरला आकडा छापलेला असतो, यावर नव्हता. तिथंच शहाणं व्हायला पाहिजे होतं.

२९ ऑक्टोबर

बंडलातून दहा मीटरचा तुकडा कापला. स्टीलच्या टेपनं दोनदा मोजून. त्यावर ठोका पाठवला: ८० नॅनोसेकंद. वीस मीटर भागिले ८०, सेकंदाला अडीच लाख किलोमीटर, ८३ टक्के. आता वेग जागेवर आला. मग अख्खं बंडल ७३५ भागिले ८० गुणिले १०, म्हणजे ९१.९ मीटर. ८० च्या आकड्यात एकाची चूक असेल तर इकडे मीटरभर फरक पडतो, हेही लिहून ठेवायला लावलं.

उरलेलं बंडल उलगडून गच्चीवर टेपनं मोजलं. ओळी टाकत, प्रत्येक वळणावर खडूची खूण. ८१.५. कापलेले दहा धरून ९१.५.

साडेआठ मीटर दुकानदाराच्या पोटात. भाचीला प्रकाशाच्या वेगापेक्षा याचाच आनंद जास्त झाला.

१ नोव्हेंबर

प्रकल्पाचं काम नाही, पण नोंदवतो.

रात्री एकला फोन. पाइपलाइनसाठी जेसीबीनं खणताना फायबर तुटली, अर्धी पेठ बंद. जाऊन ओटीडीआर लावला. हे यंत्र करतं तेच जे आम्ही बंडलाला केलं: प्रकाशाचा ठोका सोडायचा, तुटलेल्या टोकावरून परत येईपर्यंतची वेळ मोजायची, अंतर दाखवायचं. स्क्रीनवर २.२९० किलोमीटर. तिथला चेंबर उघडला, आत केबल ठणठणीत. पुढचे-मागचे दोन उघडले. काही नाही. शेवटी सेटिंग बघितलं तर काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काचेत प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा, १.५०० टाकलेला. आमच्या फायबरला १.४६८ पाहिजे. आधीच्या कामात कुणीतरी बदलून तसाच ठेवला होता. दुरुस्त केल्यावर २.३४०. पन्नास मीटर पुढे खड्ड्यातच तुटकं टोक सापडलं.

प्रकाश बरोबर वेळेतच गेला आणि आला, २३ मायक्रोसेकंदांत. काचेत तो सेकंदाला दोन लाख चार हजार किलोमीटर जातो, हे यंत्राला नीट सांगितलं नव्हतं, म्हणून तास गेला. जोड मारून घरी यायला साडेचार. भाचीला सकाळी सांगितलं तर म्हणते, “मग तू रोजच प्रकाशाचा वेग वापरतोस की, मग रंकाळ्यावर कशाला नेलंस?”

४ नोव्हेंबर

हवेतलं मोजमाप. पॉइंटर फोडून आतला लेझर डायोड सुटा केला, कारण त्याच्या बोर्डवरचा कपॅसिटर ठोक्याची धार मारतो. फोटोट्रान्झिस्टर टाकून बीपीडब्ल्यू३४ हा जास्त चपळ फोटोडायोड घेतला, पुढे भिंग. दिवसा उन्हानं तो भरून जातो, म्हणून रात्री आठनंतर. आरसा रंगाच्या डब्यावर मातीनं बसवला. वारा आला की ठिपका शेजारच्या टाकीवर जायचा आणि आम्ही वाट बघायची.

आरसा ३ मीटरवर: ६१ नॅनोसेकंद. १८ मीटरवर: १६५. नुसत्या दुसऱ्या आकड्यावरून वेग काढला तर २,१८,००० येतो, रोमर-हायगेन्सच्या शेजारी. पण सर्किटचा स्वतःचा उशीर दोन्हींत सारखाच, म्हणून वजा करायचं: १५ मीटर जास्त, जाऊन-येऊन ३०, वेळ १०४. सेकंदाला २,८८,००० किलोमीटर. गॅलिलिओचा जवळचा सराव यासाठीच होता, हे माझ्या आज डोक्यात शिरलं.

चार टक्के कमी का? लांबून येणारा सिग्नल मंद. तो ठरलेल्या उंचीपर्यंत चढायला जास्त वेळ घेतो, स्कोपला वाटतं प्रकाशच उशिरा आला. उपाय भाचीनं सुचवला: जवळच्यालाही मंद करायचं. भूमितीच्या वहीतला ट्रेसिंग पेपर दोन घड्या करून भिंगापुढे, दोन्ही ठोके सारख्या उंचीचे होईपर्यंत. फरक १०१ नॅनोसेकंद. २,९७,०००. दोन नॅनोसेकंद इकडे-तिकडे धरायलाच पाहिजेत, पण फिझोपेक्षा जवळ आलो. अर्थात त्याच्याकडे स्कोप नव्हता आणि वीजही नव्हती.

६ नोव्हेंबर

पाऊस. गच्चीचं काम बंद. घरच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं की सायणाचार्यांच्या ऋग्वेदावरच्या भाष्यात प्रकाशाचा वेग आहे, अर्ध्या निमिषात २२०२ योजनं. वाक्य चौदाव्या शतकातल्या त्या भाष्यात आहे, खोटं नाही. पण योजन किती आणि निमिष किती धरायचं यावर उत्तर पाहिजे तिकडे वळतं आणि मोजलं कसं ते तिथं नाही. पुन्हा टेपचाच प्रश्न. ग्रुपवर लिहिलं नाही, दिवाळीचा फराळ अजून त्यांच्याकडून यायचाय.

७ नोव्हेंबर

तक्त्याचं काम. फिझोनंतर फुकोनं १८६२ मध्ये दात्यांऐवजी फिरता आरसा घेतला आणि खोलीतल्या खोलीत २,९८,००० वर आला. मायकेलसननं तो आरसा आयुष्यभर सोडला नाही: १८७९ मध्ये २,९९,९१०, आणि १९२६ मध्ये माउंट विल्सनवरून ३५ किलोमीटरवरच्या माउंट सॅन अँटोनिओला उजेड पाठवून २,९९,७९६. इथून निपाणीला आरसा लावल्यासारखं. आणि त्या दोन डोंगरांमधलं अंतर मोजायला अमेरिकेचा सर्व्हे विभाग वेगळा कामाला लागला होता.

तक्त्यात माझ्या दृष्टीनं महत्त्वाची ओळ १९७२ ची. अमेरिकेतल्या बोल्डरच्या शास्त्रज्ञांच्या गटानं लेझरची वारंवारता आणि तरंगलांबी दोन्ही मोजून गुणाकार केला: सेकंदाला २९,९७,९२,४५६.२ मीटर, चूक साधारण एक मीटरची. यापुढे जाता येईना, कारण तेव्हाचा मीटर क्रिप्टॉनच्या नारिंगी प्रकाशाच्या तरंगांवरून ठरवलेला होता आणि ती रेघच पुरेशी बारीक नव्हती. वेळ पक्की, टेप कच्चा.

मग १९८३ मध्ये टेपच बदलला. वेग २९,९७,९२,४५८ मीटर असा ठरवूनच टाकला आणि मीटर म्हणजे प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर जातो तेवढं.

भाची बराच वेळ बघत राहिली. “मग आता कुणी मोजला आणि वेगळा आला तर?”

तर त्याचा टेप चुकला.

“म्हणजे आपण गच्चीवर काय मोजलं?”

गच्ची. पंधरा मीटर ऐवजी प्रकाशानं पंधरा मीटर चौदा सेंटिमीटर सांगितली. तिनं तक्त्यावरचं शीर्षक खोडून ‘प्रकाशाने गच्ची मोजणे’ केलं. सर काय म्हणतील माहीत नाही. मला हेच बरोबर वाटतं.

९ नोव्हेंबर

आजपासून अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, मग वर चढत अकरा तारखेला चेहऱ्यापर्यंत, असा क्रम. आम्ही महाद्वार रोडवरच गर्दीत अडकलो. भाचीनं साडेपाचला घड्याळ बघितलं आणि म्हणाली, “पावणेसहाला आत शिरणारा उजेड अजून सूर्यावरनं निघायचाय.” बरोबर आहे, या दिवसांत त्याला सव्वाआठ मिनिटं लागतात. मागच्या बाईंनी तिच्याकडे वळून बघितलं.

रोमरचा आयोही याच तारखेला, याच सुमाराला सावलीतून निघाला होता. हे तिला मी सांगणार होतो, पण तिच्या वहीत ते आधीच होतं.

१० नोव्हेंबर

केबलच्या दुकानात गेलो. भाची बरोबर, बंडल बरोबर, स्कोपच्या पडद्याचा फोटो बरोबर. दुकानदारानं फोटो उलटा-सुलटा करून बघितला.

“टेपनं मोजलंय का लायटीनं?”

“दोन्हीनं,” भाची म्हणाली.

त्यानं मागच्या रॅकवरून केबल ओढली, काउंटरवर खुणा केलेल्या पट्टीला लावून साडेआठ मीटर मोजली आणि कापून दिली. घरी येऊन भाचीनं आधी तिलाच ठोका पाठवला. ६७ नॅनोसेकंद. आठ मीटर अडतीस.